कानाच्या पडद्याला ठिगळ कशाचे?

जेद्दाहून तांबड्या समुद्राच्या कडेने उत्तरेला साधारण ८० किलोमीटर गेले की थुवाल येते. मूळचे हे मच्छीमारांचे गाव. २००९ साली किंग अब्दुल्ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे ‘काउस्ट’, इथे सुरू झाले आणि जगभरातले संशोधक बायकामुलांसह राहायला आले. त्यांत भारतीयही आहेत. किनाऱ्यालगत प्रवाळाचे खडक असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी पाण्यात बुडी मारण्याचा नाद तिथे सहज लागतो. समुद्रात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी युस्टेशियन नळी सर्दीने तुंबलेली असेल, तर पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत नाही आणि पडदा फाटू शकतो. अशी ताजी फाट बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येते.

मराठी घरांना जास्त ओळखीचे भोक मात्र वेगळे असते. लहानपणी कान वाहायचा, आजीने कोमट तेल घातले, पावसाळ्यात पुन्हा वाहिला, कापसाचा बोळा घालून शाळा उरकली आणि पडद्याला कायमचे भोक राहिले. या भोकाच्या कडेवर बाहेरची त्वचा आतपर्यंत वळून बसलेली असते, त्यामुळे ते स्वतःहून मिटत नाही. असा कान घेऊन माणूस इंजिनिअर होतो, नोकरीसाठी आखातात जातो आणि समुद्र पाहून पाण्यात उतरावेसे वाटते तेव्हा पहिल्यांदा पडद्याच्या ऑपरेशनचा विचार करतो. भोकातून गार पाणी मधल्या कानात शिरले तर गरगरून चक्कर येते, आणि पाण्याखाली दिशाभान सुटणे जिवावर बेतू शकते.

मग प्रश्न येतो की हे भोक बुजवायचे कशाने? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कानाची शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपकडून एंडोस्कोपकडे सरकली आणि या जुन्या प्रश्नाचे उत्तर बदलले. ते रुग्णाच्या सोयीने बदलले की डॉक्टरच्या, हे तपासण्याची वेळ आली आहे.

ठिगळाचा इतिहास लांबलचक आहे. १६४० मध्ये मार्कुस बान्झर या जर्मन वैद्याने डुकराच्या मूत्राशयाचे पातळ आवरण नळीवर ताणून ती नळी कानात बसवण्याचा उपाय सांगितला. लंडनच्या जोसेफ टॉयन्बीने १८५३ साली चांदीच्या तारेवर रबराची चकती लावली. बोस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेकने १८७७ मध्ये भोकावर साधा कागद चिकटवला. ताज्या फाटीला तो उपाय आजही करतात. हाच ब्लेक १८७४ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलला प्रयोगासाठी मृत माणसाचा कान मिळवून देणारा. टेलिफोन जन्मला त्याआधी बेल खऱ्या पडद्याची थरथर काचेवर उमटवून पाहत होता. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वुलश्टाइन आणि त्स्योल्नर या दोघा जर्मनांनी मांडीची किंवा कानामागची त्वचा वापरून टिंपॅनोप्लास्टीचा, म्हणजे पडदादुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा, पाया घातला. त्वचा टिकेना. ती सोलून पडे, ओली राही, तिच्याखाली कोंडा साठे. मग शिरेचा तुकडा आला, आणि १९५८ च्या सुमारास हेरमान व ओर्टेग्रेन यांनी कानशिलावरच्या टेम्पोरॅलिस स्नायूचे आवरण, म्हणजे फॅशिया, वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून आजपर्यंत महाराष्ट्रातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात पडद्याचे ऑपरेशन शिकवताना विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा येतो तो फॅशियाच.

त्याला कारणेही भक्कम आहेत. फॅशिया भरपूर मिळतो. मायक्रोस्कोपने ऑपरेशन करताना बऱ्याचदा कानामागे छेद घेतात आणि फॅशिया त्याच छेदातून हाताशी येतो. त्यातल्या पेशींची भूकही फार कमी असते. शरीरातून पूर्ण तोडून दुसरीकडे ठेवलेल्या ऊतीने रक्तावाचून तग कसा धरायचा, हा सगळ्या ठिगळांचा मूळ पेच. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्यातल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापला होता: टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले. ती कातडी एका देठाने कपाळाला जोडलेलीच ठेवली होती, म्हणून तिला रक्त मिळत राहिले. कानाच्या पडद्यात अशा देठाला जागा नाही. फॅशिया सुरुवातीचे दिवस आजूबाजूच्या द्रवावर काढतो, आणि पडद्याच्या उरलेल्या कडेवरून नवी त्वचा व आतून श्लेष्मल आवरण त्याच्यावर सरकत येते. खरे पाहता तो मचाण होतो आणि पडदा रुग्णाचे शरीरच विणते.

त्या विणकामाची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. निसर्गाचा पडदा साधारण आठ ते दहा मिलिमीटर रुंद आणि सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याच्या मधल्या थरात काही तंतू केंद्रातून बाहेर पसरतात, काही गोल फिरतात, आणि ही रचना वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळ्या तऱ्हेने थरथरते. फॅशियात ही शिस्त नाही. शिवाय मधल्या कानात हवा नीट पोचत नसेल तर फॅशिया महिन्यांमागून महिने विरत जातो, आत ओढला जातो, कधी पुन्हा फाटतो. फॅशियापेक्षा टिकाऊ काहीतरी हवे, ही गरज इथून निर्माण झाली. १९६० च्या दशकात गुडहिलने ट्रॅगसचे, म्हणजे कानाच्या तोंडापुढच्या झडपेचे, कूर्चावरण (कूर्चेवरचे आवरण) वापरले. यान्सेन, सालेन आणि पुन्हा हेरमान यांनी प्रत्यक्ष कूर्चा आणली. तरी पुढची तीस-चाळीस वर्षे कूर्चा राखीव खेळाडूसारखी राहिली. फॅशिया अपयशी ठरला, पडदा पूर्ण गेला, कान आत ओढलेला आहे, अशा वेळीच तिची आठवण व्हायची.

एंडोस्कोपने तिला मैदानात आणले. मधल्या कानात दुर्बीण घालून पाहण्याचे पहिले प्रयत्न १९६० च्या दशकातले. पण सगळे ऑपरेशनच तिच्या मदतीने, कानाच्या नळीतून करायचे, हा आग्रह १९९० च्या दशकात मुआझ ताराबिशी यांनी धरला. मायक्रोस्कोपला सरळ रेषेतलेच दिसते. कानाची नळी वाकडी असेल तर हाड घासावे लागते किंवा कानामागून उघडावे लागते. तीन किंवा चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण मात्र नळीत शिरते, कोपऱ्याआड पाहते आणि संपूर्ण पडदा एका चित्रात दाखवते. कानामागचा टाका, डोक्याला गुंडाळलेले बँडेज, कान पुढे आल्यासारखा वाटणे, हे सगळे टळते. आपल्याकडे आणखी एक फायदा झाला: नाकाच्या ऑपरेशनसाठी घेतलेला कॅमेरा, प्रकाशस्रोत आणि शून्य अंशाची दुर्बीण कानालाही चालते. ज्या तालुक्याच्या गावी चांगला मायक्रोस्कोप परवडत नाही, तिथेही पडदा बसवता येऊ लागला. एंडोस्कोपच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटतो तो हा मुद्दा. आतापर्यंतच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसते की पडदा भरण्यात आणि ऐकू येण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच आहेत. एंडोस्कोपने वेळ कमी लागतो आणि व्रण राहत नाही.

पण डाव्या हातात दुर्बीण आली की काम एकट्या उजव्या हाताचे होते. ओला फॅशिया हत्याराला चिकटतो, गुंडाळतो, दुमडतो. दोन हातांनी तो पसरवणे सोपे, एका हाताने तीच परीक्षा होते. म्हणून तो आधी धातूच्या पट्टीवर पसरून कागदासारखा कडक वाळवतात. रक्ताचा एक थेंब भिंगावर आला की सगळे लाल. अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेले कापसाचे बारीक तुकडे दाबायचे, दुर्बीण बाहेर काढायची, सॅव्हलॉनच्या बोळ्याने भिंग पुसायचे, पुन्हा आत शिरायचे. प्रकाश निम्म्याहून जास्त ठेवला तर टोक तापते, तेही सांभाळायचे. त्यात भर म्हणजे फॅशियासाठी केसांच्या रेषेत वेगळा छेद घ्यावा लागतो. व्रण नको म्हणून निवडलेल्या पद्धतीत व्रण करायचा, हे कुणालाही खटकणार.

ट्रॅगस मात्र दुर्बिणीच्या वाटेवरच उभा असतो. कानाच्या तोंडापुढे जी छोटी कुरकुरीत झडप बोटाला लागते, तोच. तिच्या आतल्या अंगाला, काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून सुई टोचतात. लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिनने जागा पांढुरकी फुगते. पात्याने त्वचेसकट कूर्चेला छेद दिला की कात्रीने दोन्ही बाजू मोकळ्या करून कूर्चेचा तुकडा दोन्ही आवरणांसकट बाहेर येतो. काठाची ती दोन-तीन मिलिमीटरची पट्टी मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून ट्रॅगसचा आकार बिघडत नाही आणि टाका आत लपतो. एका बाजूचे आवरण सोलून काढतात, दुसऱ्या बाजूचे कूर्चेला धरून ठेवतात. मग कूर्चा ताशीव पात्याने पातळ करतात, मधोमध हातोडी नावाच्या हाडाच्या दांड्यासाठी खाच पाडतात. नळीतली त्वचा पडद्याच्या कडेसह उचलून, भोकाची कड खरवडून ताजी करून, हा तुकडा पडद्याखाली सरकवतात. ताठ असल्यामुळे तो एका हाताने ढकलला तरी हवा तिथे जाऊन बसतो. खाली आणि वर जिलेटिनचा स्पंज भरतात, उचललेली त्वचा परत अंथरतात.

कूर्चेची लोकप्रियता वाढण्यामागे जीवशास्त्रापेक्षा या सोयीचा हात मोठा आहे, असे माझे मत आहे. त्यात वावगे काही नाही. एका हाताने सुरक्षितपणे जे जमते ते निवडणे शहाणपणाचेच. पण शोधनिबंधांत या सोयीला श्रेष्ठत्वाचे कपडे चढवले जातात, तिथे समीक्षकाने थांबले पाहिजे.

पुरावा काय सांगतो ते पाहू. २०१३ आणि २०१७ साली कूर्चा व फॅशिया यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित आढावे प्रसिद्ध झाले. दोन्हींत कूर्चेचा पडदा टिकण्याचे प्रमाण साधारण ९२ टक्के आले. फॅशियाचे एकात ८४ च्या आसपास, दुसऱ्यात ८२. ऐकू येण्यात ठळक फरक सापडला नाही. वरवर पाहता निकाल लागला. पण या आकड्यांत ठेवलेली ऑपरेशने एकसारखी नाहीत: कुठे फॅशिया कानामागून मायक्रोस्कोपने, कुठे कूर्चा नळीतून दुर्बिणीने; कुठे लहान कोरडे भोक, कुठे संपूर्ण गेलेला पडदा. कूर्चा बऱ्याचदा अवघड कानांना दिली गेली, हे तिच्या बाजूचे. ती अनुभवी हातांनी दिली गेली, हे तिच्या विरुद्ध मोजायचे. धूम्रपान, कानाचे वाहणे, आधी झालेले ऑपरेशन यांची गुणसंख्या मांडणारा धोका-निर्देशांक उपलब्ध आहे, पण गट पाडताना तो सगळीकडे वापरला जात नाही.

आपल्याकडच्या अभ्यासांची अडचण आणखी निराळी. पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि प्रबंध शेवटच्या परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करायचा. त्यातून मंजुरी, रुग्ण गोळा करणे आणि लिखाण वजा केले तर शेवटच्या रुग्णाच्या वाट्याला पाठपुराव्याचे तीन महिने येतात, फार तर सहा. प्रत्येक गटात तीसेक रुग्ण. एका गटात २८ पडदे भरले, दुसऱ्यात २६. फरक दोन माणसांचा. छापताना तो ९३ आणि ८७ टक्के होतो. ९२ आणि ८५ टक्क्यांमधला फरक खरा आहे की योगायोग, हे ठरवायला प्रत्येक गटात तीनशेहून अधिक रुग्ण लागतात. मिरज, सेवाग्राम, लोणी, नागपूर, संभाजीनगर इथल्या विभागांत मिळून एवढे पडदे बसवण्याचे काम नक्कीच होते. एकच नोंदपत्रक वापरून ते एकत्र मांडले जात नाही, ही आपली खरी उणीव. तरुण डॉक्टरांच्या कष्टांचे मोल मी कमी करत नाही. दोष व्यवस्थेने त्यांना दिलेल्या वेळेत आहे.

आणि ‘पडदा भरला’ यालाच यश म्हणण्याची सवय सगळ्यांत घातक. पडदा बसवायचा तो ऐकण्यासाठी आणि कान कोरडा राहण्यासाठी. ट्रॅगसची कूर्चा मूळची सुमारे एक मिलिमीटर जाड, म्हणजे पडद्याच्या दहापट. जर्मनीत त्साह्नर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत कापली तर ध्वनिवहन आणि ताठपणा यांची बरीच चांगली तडजोड साधते. किती शोधनिबंध कूर्चेची जाडी मोजून सांगतात? ‘पातळ केली’ एवढ्यावर भागवले जाते. ताठपणा खालच्या स्वरांना अडवतो आणि वजन वरच्या स्वरांना. पण श्रवणचाचणीत तीन-चार ठरावीक कंपनसंख्यांची सरासरी काढली की हे दोन्ही त्या सरासरीत बुडून जातात. वाहनांच्या गोंगाटात समोरच्याचे बोलणे कळते का, तबल्याचा डग्गा आणि चाट वेगळी ऐकू येते का, हे कुणी विचारत नाही. ध्वनिशास्त्राची जाण असलेल्या समाजाकडून एवढी अपेक्षा धरायला हरकत नसावी.

कूर्चेचा आणखी एक दोष रुग्णाला आधी कळायला हवा. ती अपारदर्शक आहे. फॅशियाचा पडदा काही महिन्यांत पातळ होतो आणि त्यामागे पाणी साठले आहे की कोलेस्टिटोमा नावाची पांढरी गाठ वाढते आहे, ते दुर्बिणीने दिसते. मोठ्या कूर्चेच्या मागे कोलेस्टिटोमा वाढला तर बाहेरून कळत नाही. विशेष प्रकारचा एमआरआय लागतो. टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे पडद्याची लवचीकता मोजणाऱ्या चाचणीचा, आलेखही बऱ्याचदा सपाट येतो, त्यामुळे तीही साथ देत नाही. जो रुग्ण पुन्हा दाखवायला येणार नाही, किंवा येऊ शकणार नाही, त्याच्या कानात संपूर्ण कूर्चा ठेवताना हा हिशेब करावा लागतो.

लहान भोकांची गोष्ट सोपी आहे, आणि तिथे आपण उगाच जास्त करतो. कानाच्या पाळीतून वाटाण्याएवढी चरबी काढून भोकात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बसवण्याची रीत रिंगनबर्गने १९६२ साली सांगितली. भूल स्थानिक, पडदा उचलणे नाही, रुग्ण त्याच दिवशी घरी. ईव्हीने १९९८ मध्ये कूर्चेच्या कडेला खोबण पाडून ती भोकात अडकवण्याची फुलपाखरी पद्धत मांडली. तीही दुर्बिणीखाली छान जमते. पडद्याच्या चतुर्थांशाहून लहान, कोरड्या, मधोमध असलेल्या भोकाला याहून मोठे ऑपरेशन सुचवले गेले, तर रुग्णाने ‘का?’ असे विचारावे.

आता शरीराबाहेरच्या साहित्याकडे. मृत दात्याचे मेंदूआवरण आणि हृदयावरचे आवरण एकेकाळी कानातही वापरले गेले. त्यातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य रोग संक्रमित होऊ शकतो हे १९८० च्या दशकाअखेर उघड झाले. पडद्याच्या ऑपरेशनात अशी ऊती मिळालेल्या एका डच रुग्णाचीही नोंद आहे. एका भोकासाठी जीव घालवणारे ठिगळ कुणालाच परवडणारे नाही, आणि त्या वाटेला पूर्णविराम मिळाला. पेशी धुऊन काढलेली मानवी त्वचा किंवा डुकराच्या लहान आतड्याचे आवरण आज पाकिटात मिळते. दुसरा छेद वाचतो, वेळ वाचतो. आपल्याकडे त्यांची किंमत सामान्य रुग्णाला झेपत नाही आणि कूर्चा फुकट, हाताशी. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या ऊतिपेढीने १९८८ पासून गर्भवेष्टनाचे पातळ आवरण स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवले आहे. भाजलेल्या जखमांवर त्याची उपयुक्तता सिद्ध आहे. पडद्यासाठीही ते वापरून पाहिले गेले आहे, पण त्यात ताठपणा नाही, म्हणून एकट्या उजव्या हाताच्या शस्त्रक्रियेत त्याला फॅशियाचीच अडचण येते.

सौदीत, आणि आपल्याकडेही, या जागी एक प्रश्न टाळता येत नाही. डुकराची ऊती कानात ठेवणार असाल तर मुस्लिम रुग्णाला ते आधी सांगायला हवे, हे कुणीही मान्य करील. पण ठिगळाला आधार म्हणून जो स्पंज जगभर सर्रास भरला जातो, त्या जेलफोमचे जिलेटिन डुकराच्या कातडीचेच असते. इतर उत्पादकांचे स्पंज इतर प्राण्यांचे असू शकतात, म्हणजे शाकाहारी जैन कुटुंबाचा आणि गाय न चालणाऱ्या हिंदू कुटुंबाचाही यात संबंध येतो. मराठीतल्या संमतिपत्रावर ठिगळाचे नाव असते, स्पंजाचे नसते. बरेच रुग्ण ‘औषध आहे, चालेल’ म्हणतील. तसे म्हणण्याची संधी त्यांना मिळाली पाहिजे. हायल्युरोनिक आम्लाचे पर्याय बाजारात आहेत. उत्पादकाच्या पत्रकावरचा उगम वाचून संमतिपत्रात एक ओळ घालायला काहीच खर्च नाही.

नव्या साहित्याबद्दल उत्साह बाळगावा असे बरेच घडते आहे. जपानमध्ये कानेमारू आणि सहकाऱ्यांनी वाढ-घटकात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज भोकात ठेवून पडदा पुन्हा वाढवण्याचे काम २०११ मध्ये मांडले, आणि २०१९ साली त्या उपचाराला तिथे मान्यता मिळाली. भोकाची कड खरवडायची, स्पंज ठेवायचा, वरून फायब्रिनचा गोंद. न भरल्यास पुन्हा करायचे. हे खऱ्या अर्थाने वेगळे आहे, कारण यात बाहेरचे ठिगळ उरतच नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संस्थेत रेशमाच्या प्रथिनाचा पारदर्शक पडदा तयार होतो आहे. हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) संस्थेत आणि बोस्टनच्या कान-डोळ्यांच्या रुग्णालयात त्रिमितीय छपाईने असे ठिगळ केले, ज्यात तंतू केंद्रातून बाहेर आणि गोल, निसर्गाच्या पडद्यासारखे मांडलेले आहेत; चिंचिला या प्राण्यात त्याची तपासणी झाली. फॅशियात जी शिस्त नाही असे मी वर म्हटले, तिच्यावर थेट काम करणारा हा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो.

थुवालचे नाव या रांगेत यायला वाव आहे. काउस्टमध्ये शार्लट हाउझर यांच्या प्रयोगशाळेने तीन ते सात अमिनो आम्लांच्या अतिलहान पेप्टाइडांवर काम केले आहे. पाण्यात ती आपोआप तंतू होऊन गुंफतात, जेल बनते, त्यात पेशी जिवंत राहतात आणि त्याची छपाई करता येते. या कामाचा रोख कानाच्या पडद्यावर नाही. पण कृत्रिम, प्राण्यापासून न काढलेले, रोगसंक्रमणाची भीती नसलेले मचाण म्हणून ते कानवाल्यांनी नजरेत ठेवावे असे आहे. ज्या प्रांतात डुकराच्या ऊतीला नकार मिळतो तिथेच प्राणिमुक्त मचाणाचे संशोधन व्हावे, ही चांगली गोष्ट. मात्र जेल ताठ नसते. पडदा म्हणून ते ताणले जाईल का, दाब सोसेल का, हे प्रयोगातच ठरेल.

तोवर माझा कौल असा. मधोमध, कोरडे, मध्यम भोक आणि हवा खेळती असलेला कान असेल तर ट्रॅगसचे कूर्चावरण एंडोस्कोपला पुरेसे आहे. ते पातळ, पारदर्शक आणि त्याच जागेतले. पडदा जवळजवळ सगळा गेला असेल, आधीचे ऑपरेशन फसले असेल, पडदा आत ओढलेला असेल किंवा युस्टेशियन नळी कुचकामी असेल, तर पातळ केलेली कूर्चा, आणि तिची जाडी नोंदवलेली. फॅशियाला निवृत्त करण्याची घाई नको. एंडोस्कोप नसलेल्या ठिकाणी आणि कानामागून उघडायचेच असेल तिथे तो आजही उत्तम काम करतो. उद्याच्या डॉक्टरने फॅशिया हाताळायला शिकावेच.

बुड्या मारणाऱ्याला कूर्चा द्यावी का, हा प्रश्न थुवालमध्ये विचारला जाणारच. ताठ पडदा दाबाला जास्त टिकतो ही समजूत अर्धवट आहे. बुडीत पडद्याला वाचवते ती युस्टेशियन नळीतून दाब सारखा करण्याची क्षमता. ऑपरेशनानंतर काही महिने पाण्यात उतरायचे नाही, आणि नाक दाबून हवा फुंकल्यावर कान सहज मोकळा होतो हे डॉक्टरने पडद्याकडे पाहत खात्री करून घेतल्याशिवाय तर नाहीच. नळी खराब असेल तर कोणतेही ठिगळ बुडीसाठी परवाना देत नाही.

विमानाचा मुद्दा मात्र उलटा चालतो. भोक असलेल्या कानाला विमानात त्रास नसतो, दाब भोकातून जातो. भोक बुजवल्यावर, मधला कान स्पंजाने भरलेला असताना, चढ-उतारात ठिगळ हलू शकते. सौदी कामगार कायद्याने वर्षाला किमान २१ दिवसांची रजा मिळते, एकाच मालकाकडे पाच वर्षे झाली की ३०. सुट्टीत गावी येऊन ऑपरेशन करून परत जाणाऱ्या माणसाला एवढ्या दिवसांत तपासणी, ऑपरेशन, पट्टी आणि परतीचे विमान सगळे बसवायचे असते. साधारणपणे काही आठवडे विमान टाळा असे सांगतात. ठिगळ भरायला तीन-चार आठवडे, पक्के व्हायला जवळपास तीन महिने. म्हणून तारीख ठरवताना रजा कमी असेल तर पुढच्या वर्षी करावे, किंवा भोक लहान असेल तर चरबीची साधी पद्धत निवडावी, किंवा जेद्दासारख्या मोठ्या शहरातच करून घ्यावे. गावी भाऊबंद आहेत, खर्च कमी आहे, भाषा आपली आहे, हे खरे. पण ऑपरेशनच्या बाराव्या दिवशी विमानात बसणे त्या सगळ्यावर पाणी फिरवू शकते.

एंडोस्कोपमुळे एक गोष्ट मात्र सोपी झाली आहे आणि तिचा उपयोग आपण पुरता करत नाही. प्रत्येक तपासणीचे चित्र निघते. थुवालच्या किंवा जेद्दाच्या दवाखान्यात एका वर्षाने काढलेले पडद्याचे चित्र नाशिकच्या किंवा मिरजेच्या डॉक्टरला मिनिटात पाठवता येते. पारदर्शक ठिगळ असेल तर त्या चित्राला अर्थ आहे. कूर्चा असेल तर चित्र पुरत नाही, सोबत नवा श्रवणालेख हवाच, तोही खालच्या आणि वरच्या कंपनसंख्या वेगवेगळ्या दाखवणारा. ऑपरेशनचा कागद देताना डॉक्टरने त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: ठिगळ कशाचे, जाडी किती, भोक केवढे होते, स्पंज कुठला. बाकी पाठपुरावा रुग्ण जगात कुठेही असला तरी होऊ शकतो.